शेवटच्या फेकीचा बचाव : झेलण्यापेक्षा पाडण्यात शहाणपण

लातूरहून बार्शीकडे निघाले की वाटेत मुरुड लागते. मराठवाड्यातील अशा कोणत्याही मोठ्या गावात कबड्डीचे सामने रंगले की अखेरच्या मिनिटाला एक दृश्य हमखास पाहायला मिळते. एका संघाकडे दोन गुणांची आघाडी असते. प्रतिस्पर्ध्यांची शेवटची चढाई सुरू होते. कडेला दाटीवाटीने उभे राहिलेले प्रेक्षक ‘धर, धर’ म्हणून ओरडत असतात आणि नेमका त्याच वेळी संघाचा जाणता कर्णधार आपल्या गड्यांना हाताने मागे सारत असतो. कोणीही अंगावर जायचे नाही, असा त्याचा इशारा असतो.

प्रेक्षकांना तो भित्रेपणा वाटतो. प्रत्यक्षात तो हिशेब असतो. चढाईपटूकडे तीस सेकंद असतात. त्याने बोनस रेषा ओलांडून एक गुण नेला तरी सामना हातचा जात नाही. परंतु एखादा बचावपटू पकडीच्या मोहात पडला, त्याच्या मदतीला आणखी दोघे धावले आणि तरीही चढाईपटूचा हात मध्यरेषेला लागला, तर त्या झटापटीत ज्यांचा ज्यांचा स्पर्श झाला ते सारे बाद होतात. दोन गुणांची आघाडी क्षणात तीन गुणांच्या फटक्याखाली गाडली जाते. आघाडी एकाच गुणाची असेल तर मात्र हिशेब पुन्हा बदलतो. तेव्हा बोनसही देऊन चालत नाही. थोडक्यात, काय देऊन चालेल आणि काय देऊन मुळीच चालणार नाही, हे ओळखणे म्हणजे शेवटच्या क्षणाचा बचाव.

हाच हिशेब सातासमुद्रापार एका वेगळ्याच खेळात मांडला जातो. तिथे चढाईपटूच्या जागी लांबवर फेकलेला चेंडू असतो आणि साडेसहा मीटरच्या अंगणाऐवजी शंभर यार्डांचे मैदान असते. तो खेळ म्हणजे अमेरिकन फुटबॉल आणि ती फेक म्हणजे ‘हेल मेरी’. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा शब्द परिचयाचा आहे. इकडच्या वाचकांनाही तो लवकरच कानी पडू लागेल, कारण ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी क्रिकेटबरोबरच ‘फ्लॅग फुटबॉल’ या अमेरिकन फुटबॉलच्या सौम्य अवताराचीही निवड झाली. त्यापूर्वी २०१२ मध्ये ‘एलिट फुटबॉल लीग’ या भारतीय स्पर्धेत ‘पुणे मराठाज’ आणि ‘मुंबई ग्लॅडिएटर्स’ या नावांचे संघही उतरले होते. तो प्रयोग फार काळ टिकला नाही. पण खेळाची ओळख मात्र करून गेला.

खेळाची तोंडओळख

अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात. गोलरेषेपासून गोलरेषेपर्यंत १०० यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटरचे अंतर असते आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा ‘एंड झोन’ असतो. ज्या संघाकडे चेंडूचा ताबा आहे त्याला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. चेंडू घेऊन एंड झोनमध्ये शिरले किंवा तिथे तो झेलला की ‘टचडाउन’ होते आणि सहा गुण मिळतात. चेंडू लाथेने दोन खांबांमधून मारला तर तीन गुण मिळतात.

आक्रमणाचा सूत्रधार ‘क्वार्टरबॅक’. पुढे धावत जाणाऱ्या सहकाऱ्यांपैकी एकाकडे तो चेंडू फेकतो. झेलणाऱ्याला ‘रिसीव्हर’ म्हणतात. येथे दोन नियम ध्यानात ठेवले पाहिजेत. पहिला नियम असा, की फेकलेला चेंडू कोणीही झेलण्याआधी जमिनीला लागला तर तो प्रयत्न तिथेच संपतो. दुसरा असा, की घड्याळ शून्यावर आले तरी आधी सुरू झालेला प्रयत्न पुरा होऊ दिला जातो. म्हणजे घड्याळ संपले तरी चेंडू हवेत असेपर्यंत सामना जिवंत असतो. ‘हेल मेरी’चा सारा थरार या दोन नियमांच्या सांध्यात आहे.

प्रार्थनेचे नाव

‘हेल मेरी’ ही ख्रिस्तमाता मेरीला उद्देशून केली जाणारी कॅथलिक प्रार्थना. वसईत आणि गोव्यात ती घराघरांत म्हटली जाते. अमेरिकेतील कॅथलिक महाविद्यालयांच्या संघांमध्ये अशक्यप्राय डावाला हे नाव आधीपासून होते, परंतु ते सर्वतोमुखी झाले २८ डिसेंबर १९७५ रोजी. त्या दिवशी डॅलस काउबॉइज हा संघ मिनेसोटा व्हायकिंग्जविरुद्ध १०-१४ असा मागे होता. सामना संपत आला असताना क्वार्टरबॅक रॉजर स्टॉबॅकने ५० यार्डांची फेक केली, ड्रू पिअर्सनने ती झेलली आणि डॅलसने सामना १७-१४ असा जिंकला. डोळे मिटून आपण मेरीमातेची प्रार्थना म्हटली, असे स्टॉबॅकने नंतर सांगितले. पिअर्सनने बचावपटूला धक्का दिला, ही मिनेसोटाच्या समर्थकांची तक्रार मात्र पुढे कित्येक वर्षे संपली नाही. मराठीत सांगायचे, तर ही देव पाण्यात घालून केलेली फेक होय.

आक्रमकांचे गणित

या फेकीत नशिबाचा भाग मोठा असला तरी ती निव्वळ जुगार नसते. साधारणतः तीन-चार रिसीव्हर मैदानाच्या एकाच बाजूने एंड झोनकडे धाव घेतात. पन्नासेक यार्ड धावायला त्यांना पाच-सहा सेकंद लागतात, म्हणून क्वार्टरबॅकला तेवढा वेळ तग धरावा लागतो. त्यानंतर चेंडू उंच फेकला जातो आणि तीन-साडेतीन सेकंद हवेत राहतो. तेवढ्या अवधीत दोन्ही संघांचे खेळाडू चेंडू पडण्याच्या जागी गोळा होतात.

या घोळक्यात रिसीव्हरांची कामे वाटलेली असतात. सर्वांत उंच आणि बळकट खेळाडू उडी मारतो. बाकीचे त्याच्या मागे, पुढे आणि बाजूला चार-पाच पावलांवर थांबतात, कारण चेंडू पहिल्याच हातात बसण्यापेक्षा कोणाच्या तरी हाताला लागून उडण्याची शक्यता जास्त असते. १९७८ पूर्वी व्यावसायिक स्पर्धेत एका आक्रमकाच्या हाताला लागून उडालेला चेंडू, मध्ये बचावपटूचा स्पर्श झाल्याशिवाय, दुसऱ्या आक्रमकाला झेलता येत नसे. ती अट गेली आणि उडालेला चेंडू हाच आक्रमकांचा मोठा आधार झाला.

बचावाची पाच सूत्रे

पहिले सूत्र : पाठीमागे कोणालाही जाऊ द्यायचे नाही. गोलरेषेच्या अलीकडे कोणी चेंडू झेलला तर फारसे बिघडत नाही. त्याला तिथेच पाडता येते. पाठीमागे सुटलेला एकच रिसीव्हर मात्र सामना घेऊन जातो. २३ नोव्हेंबर १९८४ रोजी मायामी आणि बॉस्टन कॉलेज या विद्यापीठ संघांच्या सामन्यात हेच घडले. मायामी ४५-४१ असे पुढे होते आणि सहा सेकंद उरले होते. बॉस्टनचा क्वार्टरबॅक डग फ्लूटी चणीने लहान. तो एंड झोनपर्यंत चेंडू पोहोचवू शकणार नाही, असे गृहीत धरून बचावपटू अलीकडेच उभे राहिले. फ्लूटीचा चेंडू साठ यार्डांहून अधिक अंतर कापून त्यांच्या डोक्यांवरून गेला आणि मागे उभ्या असलेल्या जेरार्ड फेलनच्या कुशीत विसावला. बॉस्टनने सामना ४७-४५ असा जिंकला. प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीचा अंदाज बांधण्यात चूक झाली, की मग चपळाई असूनही उपयोग होत नाही.

दुसरे सूत्र : चेंडू झेलायचा नाही, पाडायचा. नवख्या प्रेक्षकाला हे सूत्र सर्वांत चमत्कारिक वाटते. एरवी प्रतिस्पर्ध्याची फेक मध्येच झेलणे हा बचावपटूचा सर्वोच्च पराक्रम मानला जातो. परंतु शेवटच्या फेकीला झेल आणि जमिनीवर पडलेला चेंडू यांची किंमत सारखीच असते, कारण दोन्हींनी सामना संपतो. जोखीम मात्र सारखी नसते. झेलायला गेलेल्या हातांतून चेंडू निसटू शकतो, उसळू शकतो किंवा हिसकावला जाऊ शकतो.

२४ सप्टेंबर २०१२ रोजी सिअॅटल सीहॉक्स आणि ग्रीन बे पॅकर्स यांच्या सामन्यात शेवटच्या फेकीवर पॅकर्सच्या एम. डी. जेनिंग्जने चेंडू छातीशी धरला. त्याच वेळी सिअॅटलच्या गोल्डन टेटचेही हात चेंडूवर होते. दोघांनी एकाच वेळी चेंडू धरला, तर तो आक्रमकाचा मानायचा, असा नियम आहे. पंचांनी टचडाउन दिले आणि सिअॅटल १४-१२ असे जिंकले. नियमित पंचांशी वाद सुरू असल्याने त्या काळात बदली पंच काम पाहत होते. निर्णयावर एवढा गदारोळ झाला, की दोनच दिवसांत तो वाद मिटवून नियमित पंचांना परत बोलवण्यात आले. पंचांची चूक झाली, असे आजही अनेकांचे मत आहे. परंतु जेनिंग्जने तोच चेंडू दोन्ही हातांनी जमिनीवर आपटला असता, तर पंचांना निर्णय द्यायची वेळच आली नसती.

पाडणे म्हणजेही केवळ हात लावणे नव्हे. चेंडू खालच्या दिशेने किंवा मैदानाबाहेर जाईल असा फटकारावा लागतो. २४ सप्टेंबर १९९४ रोजी मिशिगन विद्यापीठाच्या मैदानावर कोलोरॅडोच्या कॉर्डेल स्ट्युअर्टने केलेली शेवटची फेक घोळक्यात हाताला लागून वर उडाली आणि मागून आलेल्या मायकेल वेस्टब्रुकने ती झेलली. मिशिगनचा २६-२७ असा पराभव झाला.

तिसरे सूत्र : घोळक्याच्या पुढचीही जागा सांभाळायची. सगळेच बचावपटू गोलरेषेवर जाऊन उभे राहिले, तर समोरचा पट्टा मोकळा पडतो. म्हणून बचावातही कामांची वाटणी असते. एक-दोघे उंच उडी मारून चेंडू पाडतात, एक-दोघे मागे राहतात, उरलेले पुढे राहून निसटता चेंडू टिपणाऱ्यांना अडवतात. प्रत्येक रिसीव्हरच्या अंगाशी एक तरी बचावपटू असावा आणि त्याने प्रतिस्पर्ध्याला उडी मारायला मोकळी जागा देऊ नये, हा या वाटणीचा गाभा.

चौथे सूत्र : हात आवरायचे. बचाव करणाऱ्या संघाने नियमभंग केला, तर त्याच्या चुकीवर सामना संपू शकत नाही. आक्रमकांना घड्याळाविना आणखी एक प्रयत्न मिळतो. ३ डिसेंबर २०१५ रोजी डेट्रॉइट लायन्स हा संघ ग्रीन बेविरुद्ध २३-२१ असा पुढे होता. घड्याळ शून्यावर आले आणि सामना संपल्यासारखा वाटला; पण शेवटच्या झटापटीत डेट्रॉइटच्या खेळाडूने प्रतिस्पर्ध्याच्या शिरस्त्राणाची जाळी ओढल्याचा निर्णय पंचांनी दिला. वाढीव प्रयत्नात आरन रॉजर्सने आकाशाला भिडेल अशी ६१ यार्डांची फेक केली. डेट्रॉइटचे बचावपटू मागे गोळा झाले होते. रिचर्ड रॉजर्स त्यांच्या पुढ्यात जवळजवळ मोकळा उडाला आणि त्याने चेंडू झेलला. ग्रीन बे २७-२३ असे विजयी झाले. तिसरे आणि चौथे ही दोन्ही सूत्रे एकाच वेळी मोडली, की काय होते याचा तो वस्तुपाठ ठरला.

पाचवे सूत्र : घड्याळ आणि कडेची रेषा विसरायची नाही. १४ जानेवारी २०१८ रोजी मिनेसोटा व्हायकिंग्ज न्यू ऑर्लीन्स सेंट्सविरुद्ध २३-२४ असे मागे होते आणि दहा सेकंद उरले होते. स्टेफॉन डिग्जने कडेच्या रेषेजवळ चेंडू झेलला. तो जमिनीवर उतरताच त्याला मैदानाच्या आत धरून पाडणे एवढेच काम बाकी होते. घड्याळ आपोआप संपले असते. पण तरुण बचावपटू मार्कस विल्यम्स घाईने खाली झेपावला, त्याला डिग्जचा स्पर्शही झाला नाही आणि उलट त्याचाच सहकारी त्याच्यावर अडखळला. डिग्ज मोकळ्या मैदानातून धावत गेला. मिनेसोटा २९-२४ असे जिंकले. कबड्डीत अकारण केलेल्या पकडीची आठवण व्हावी, असाच तो क्षण होता.

मागे राहायचे की तुटून पडायचे?

एवढे सारे मागे उभे राहण्याचे शास्त्र झाले. पण एक प्रश्न उरतो. चेंडू हवेत जाण्याआधीच क्वार्टरबॅकला गाठले तर? रूढ पद्धतीत तिघेच बचावपटू त्याच्यावर चालून जातात आणि सात-आठ जण मागे थांबतात. तिघांना थोपवायला आक्रमकांकडे पाच धिप्पाड गडी असतात, त्यामुळे क्वार्टरबॅकला हवा तेवढा वेळ मिळतो. या सावध पवित्र्यामुळे फक्त आपलाच विजय रोखला जातो, अशी टीका अमेरिकेत जुनीच आहे.

याउलट पाच-सहा जणांनी तुटून पडायचे ठरवले, तर रिसीव्हर एंड झोनपर्यंत पोहोचण्याआधीच फेक करावी लागते. त्यात धोका असा, की मागे माणसे कमी उरतात आणि चपळ क्वार्टरबॅक एकदा निसटला की मैदान उघडे पडते. म्हणून काही प्रशिक्षक मधला मार्ग काढतात. तिघे चालून जातात आणि चौथा केवळ क्वार्टरबॅकवर नजर ठेवून त्याची पळवाट अडवतो. चेंडू किती दूर आहे, फेकणाऱ्याच्या दंडात किती बळ आहे, प्रतिस्पर्ध्याला सहा गुण हवेत की तीनच पुरेसे आहेत, यावर निवड ठरते. सर्व परिस्थितींना पुरेल असा एकच डाव नाही.

नीट पार पाडलेला बचाव कसा असतो, हे ५ फेब्रुवारी २०१२ च्या ‘सुपर बोल’ या अंतिम सामन्यात दिसले. न्यूयॉर्क जायंट्स २१-१७ असे पुढे होते. न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या टॉम ब्रॅडीची शेवटची फेक एंड झोनमधील घोळक्यात हातांना लागून खाली आली. रॉब ग्रॉन्कोव्हस्की तिच्यावर झेपावला, पण चेंडू त्याच्या हातांपासून थोडक्यात दूर जमिनीवर पडला. जायंट्स विजेते ठरले. त्या घोळक्यातील बचावपटूंची नावे आज फारशी कोणाला आठवत नाहीत. यशस्वी बचावाच्या वाट्याला बहुधा हेच येते.

सगळे योग्य करूनही हार पदरी येते, हेही मान्य करावे लागेल. १५ नोव्हेंबर २०२० रोजी अॅरिझोना कार्डिनल्सच्या कायलर मरेने केलेली फेक डीआंद्रे हॉपकिन्सने बफेलो बिल्सच्या तीन बचावपटूंच्या गराड्यात उडी मारून झेलली. बफेलोचा ३०-३२ असा पराभव झाला. त्या तिघांपैकी कोणीही जागा सोडली नव्हती. हॉपकिन्सचे हात त्यांच्यापेक्षा उंच पोहोचले, इतकेच.

आपल्या मैदानांवरचा शेवटचा चेंडू

भारतीय वाचकाला ही सूत्रे परकी वाटण्याचे कारण नाही. २४ नोव्हेंबर १९९३ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर हीरो चषकाच्या उपान्त्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा हव्या होत्या. कर्णधार मोहम्मद अझरुद्दीनने चेंडू दिला मुंबईच्या २० वर्षांच्या सचिन तेंडुलकरला. त्या सामन्यात त्याने तोवर एकही षटक टाकले नव्हते. पहिल्याच चेंडूवर दुसरी धाव घेण्याच्या नादात फनी डिव्हिलियर्स धावबाद झाला. नंतर अॅलन डोनाल्डला तीन चेंडूंवर एकही धाव घेता आली नाही. शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या असताना ब्रायन मॅकमिलनला एकच मिळाली. षटकात तीन धावा गेल्या आणि भारत दोन धावांनी जिंकला. तेंडुलकरने बळी मिळवण्याची आतषबाजी केली नाही. फटक्याला वाव न देणे हेच त्या षटकाचे काम होते आणि त्याने तेवढेच केले.

२९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमधील ट्वेन्टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तर ‘हेल मेरी’चीच प्रतिमा दिसली. दक्षिण आफ्रिकेला सहा चेंडूंत १६ धावा हव्या होत्या. हार्दिक पंड्याच्या पहिल्याच चेंडूवर डेव्हिड मिलरने उंच फटका मारला. सीमारेषेवर मुंबईच्या सूर्यकुमार यादवने चेंडू पकडला, तोल जातो आहे हे ओळखून तो वर उडवला, सीमेबाहेर पाऊल टाकले आणि आत येऊन पुन्हा झेलला. तो झेल जगाने पाहिला. पण त्यातला निर्णायक क्षण पकडण्याचा नव्हता, चेंडू वेळेवर सोडण्याचा होता. पायाखाली रेषा कुठे आहे, याचे भान राखून हातातला चेंडू सोडून देणे म्हणजे आपल्या पाचव्या सूत्राचे क्रिकेटमधील रूप. भारत सात धावांनी विश्वविजेता झाला.

रेषेचे भान सुटले की काय होते, हे कबड्डीने ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत दाखवले. पुरुषांच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण २८-२८ अशा बरोबरीत होते आणि जेमतेम मिनिटभर उरले होते. भारताचा पवन सेहरावत चढाईत कोणालाही स्पर्श न करता कडेच्या लॉबीत गेला आणि त्याला रोखण्याच्या भरात इराणचे बचावपटूही त्याच्यामागून लॉबीत उतरले. कोणत्या नियमाने गुण द्यायचे यावर खेळ दीर्घकाळ थांबला, निर्णय फिरला आणि अखेर भारताला तीन, तर इराणला एक गुण मिळाला. भारताने सामना ३३-२९ असा जिंकला. महाराष्ट्राचा अस्लम इनामदार त्या सुवर्णविजेत्या संघात होता. पंचांच्या गोंधळाचा भाग सोडला, तरी चढाईपटू स्वतःहून रेषेबाहेर गेल्यावर त्याच्यामागे धावण्याचे कारण नव्हते, हे उरतेच.

खापर कोणाच्या डोक्यावर?

शेवटच्या क्षणाच्या बचावाची आणखी एक बाजू आहे आणि ती डावपेचांच्या फळ्यावर लिहिली जात नाही. बचाव फसला, की सारा दोष एकाच माणसाच्या नावावर जमा होतो.

२७ ऑक्टोबर २०२४ रोजी शिकागो बेअर्स हा संघ वॉशिंग्टन कमांडर्सविरुद्ध १५-१२ असा पुढे होता. दोन सेकंद उरले होते. शेवटचा प्रयत्न सुरू झाला, तेव्हा शिकागोचा बचावपटू टायरिक स्टीव्हन्सन प्रेक्षकांकडे तोंड करून हातवारे करीत होता. भानावर येऊन तो घोळक्याकडे धावला, त्याने उडी मारली आणि त्याचा हात लागून चेंडू मागे उडाला. मागे नोआ ब्राउन एकटा उभा होता. त्याला रोखण्याची जबाबदारी स्टीव्हन्सनवरच होती. वॉशिंग्टन १८-१५ असे जिंकले. ती चित्रफीत जगभर फिरली आणि स्टीव्हन्सनने माफी मागितली.

त्याची चूक उघड होती. पण ती एकट्याची होती काय? त्याआधीच्या प्रयत्नात शिकागोने कडेला तेरा यार्ड सहज देऊन टाकले होते. ते दिले नसते, तर एंड झोन क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्सच्या टप्प्यात येणे अवघड होते. शेवटच्या प्रयत्नात मोजकेच बचावपटू चालून गेल्याने डॅनियल्सला बारा सेकंदांहून अधिक वेळ मोकाट फिरता आले. ब्राउन एकटा मागे राहिला आहे, हे इतरांपैकीही कोणी हेरले नाही. शेवटचा क्षण हा अनेक आधीच्या क्षणांची बेरीज असतो. चित्रफितीत मात्र एकच चेहरा दिसतो. त्या पराभवापासून शिकागोने लागोपाठ दहा सामने गमावले.

भारतीयांना या अन्यायाची जुनी ओळख आहे. १८ एप्रिल १९८६ रोजी शारजात पाकिस्तानला शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या. चेतन शर्माने यॉर्कर टाकण्याचा प्रयत्न केला, तो फुलटॉस पडला आणि जावेद मियांदादने षटकार ठोकला. वस्तुतः निर्णय अचूक होता; शेवटच्या चेंडूला यॉर्करच टाकायचा असतो. फसली ती अंमलबजावणी, तीही वीतभर अंतराने. तरीही तो चेंडू शर्माच्या नावाला कायमचा चिकटला. पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी, महाराष्ट्राच्याच भूमीवर नागपुरात त्याने न्यूझीलंडच्या तीन फलंदाजांचे लागोपाठ त्रिफळे उडवून विश्वचषकातील पहिली हॅट्ट्रिक नोंदवली. विक्रमांच्या पुस्तकात ती ठळक अक्षरांत आहे. लोकांच्या बोलण्यात मात्र अजूनही शारजाच आधी येते.

म्हणूनच शेवटच्या क्षणाच्या बचावाची तयारी ही जशी डावपेचांची असते तशीच मनाचीही असते. पराक्रम गाजवण्याची ऊर्मी बाजूला ठेवायची, नेमून दिलेली जागा सोडायची नाही, देण्याजोगे देऊन टाकायचे आणि न देण्याजोगे प्राणपणाने राखायचे. हे सारे आठव्या-दहाव्या सेकंदाला नव्हे, तर सरावाच्या मैदानावर शंभर वेळा घोटून घ्यावे लागते. आणि तरीही चेंडू कधीतरी कोणाच्या तरी बोटांवरून पलीकडे जातोच. तेव्हा त्या एका बोटाकडे पाहण्याआधी मागचा सारा डाव पाहावा, एवढी अपेक्षा प्रेक्षकांकडून करायला हरकत नाही.

मुरुडसारख्या गावातल्या मैदानावर शेवटच्या चढाईला आपल्या गड्यांना मागे सारणाऱ्या कर्णधाराने ‘हेल मेरी’ हा शब्द कदाचित ऐकलेलाही नसेल. परंतु त्या फेकीचा बचाव कसा करायचा, हे त्याला नक्की ठाऊक असते.